पाच मिलिमीटरचा अंगरखा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले तीन महिने कशात गेले असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर आहे, रबरात! मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या, हयातभर पोरांना विरामचिन्हं शिकवलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला छातीवर किती मिलिमीटर आणि खांद्यावर किती मिलिमीटर रबर असावं ह्याबद्दल ठाम मत असावं, ह्याची माझी मलाच गंमत वाटते. पण आहे खरं.

विषय आहे वेटसूट. आमची धाकटी पुण्याला असते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. वय ४८. पोहायला शिकली ३९व्या वर्षी, दहा-दहा वर्षांच्या पोरांबरोबर, त्यांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून. कामठीत लहानपणी तिला शिकवायची सोय नव्हती आणि शिक्षकाच्या पगारात रोज नागपूरला पाठवणं जमण्यासारखं नव्हतं. माझ्या स्वतःच्या लहानपणी तर मुलींना पोहायला शिकवायचं हे कुणाच्या मनातही येत नसे. भाऊ आणि त्याचे मित्र कन्हानच्या पात्रात डुंबायचे, आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. त्यामुळे माझी मुलगी चाळिशीच्या तोंडाशी का होईना पाण्यात उतरली, ह्याचं मला किती अप्रूप आहे ते शब्दांत सांगता येणार नाही.

पुढे पोहण्यावरून ती सायकलवर गेली, सायकलवरून धावण्यावर, आणि मग हे तिन्ही एका दमात करायची शर्यत असते असं तिला कळलं. तिला म्हणतात ट्रायथलॉन. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला अशी पहिली शर्यत झाली, आणि १९७८ साली हवाई बेटांवर त्याचा अघोरी अवतार निघाला : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. ह्यालाच आयर्नमन म्हणतात. आपला मिलिंद सोमण २०१५ साली झुरिकला ही शर्यत पुरी करून आला, तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी हे नाव कळलं. आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकलशर्यत एकट्याने पुरी करून आले, तेव्हापासून इकडच्या मंडळींनाही असल्या वेडाचं वावडं राहिलेलं नाही. गोव्यात २०१९ पासून ह्याच्या निम्म्या अंतराची शर्यत सुरू झाली. मिरामारच्या किनाऱ्यावरून समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं. धाकटीने ती केली. तेव्हा वेटसूट हा शब्दही आमच्या घरात आला नव्हता, कारण तिथलं पाणी इतकं कोमट असतं की रबर चढवलं तर माणूस शिजून निघेल.

आता तिने पूर्ण अंतराच्या शर्यतीत नाव घातलंय. कोपनहेगनला, येत्या ऑगस्टमध्ये. आणि तिथलं पाणी म्हणजे भर उन्हाळ्यात सतरा ते वीस अंश!

इथे मला एक मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. गेल्या वर्षी धाकटी जर्मनीला आमच्या भाच्याकडे गेली होती. तिथल्या एका तळ्यात छोटी शर्यत होती, तिने हौसेने भाग घेतला. वेटसूट भाड्याने मिळाला, तो चढवून ती पाण्यात शिरली, आणि शंभर-दीडशे मीटरवर तिचा श्वासच अडकला. हात चालेनात, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, गळ्यापाशी कुणीतरी धरलंय असं वाटायला लागलं. तिने हात वर केला, होडीवाल्यांनी तिला धरून काठावर आणलं. कुठे काही इजा नाही. पण त्यानंतर ती पुण्याच्या तलावातही नीट पोहेना. फोनवर म्हणाली, “आई, माझा पाण्यावरचा विश्वासच गेला बघ.”

नऊ वर्षांची कमाई होती ती. दहा वर्षांच्या पोरांच्या हसण्यातून कमावलेली. ती अशी एका सकाळी जाऊ द्यायची नाही, एवढंच मी मनाशी ठरवलं. बाकी मला त्यातलं काय कळत होतं? काही नाही. मग नेहमी करते तेच केलं. वाचायला बसले.

तर आधी हा प्रकार काय असतो ते सांगते. वेटसूट म्हणजे पाणी आत न येऊ देणारा कपडा, असा बहुतेकांचा समज असतो. नावातच ‘वेट’ आहे, म्हणजे ओला! पाणी आत येतंच. पण ते पातळ थरात अंगाला चिकटून राहतं, अंगाच्या उबेने गरम होतं आणि बाहेरच्या गार पाण्याला आपली उब लुटू देत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं, म्हणून वीस अंशांची हवा आपल्याला सुखाची वाटते आणि वीस अंशांचं पाणी हाडात शिरतं. कपड्याचं रबर म्हणजे निओप्रीन. हे रबर १९३०च्या सुमाराला अमेरिकेत शोधलं गेलं, आणि त्याचा फुगे भरलेला प्रकार पाण्यात वापरण्याची कल्पना १९५०च्या दशकात ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला सुचली. खरी उब धरून ठेवतात ते त्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. आपल्या गोधडीचं जे तत्त्व तेच. कापूस उब देत नाही, कापसातली अडकलेली हवा देते.

ह्याच बुडबुड्यांचा दुसरा गुण म्हणजे ते तरंगवतात. आणि हे वाचल्याबरोबर मला आमच्या मामांचे भोपळे आठवले. भावाला त्यांनी पोहायला शिकवलं ते पाठीला दोन वाळके भोपळे बांधून. ज्याच्याकडे भोपळा नसे तो तोंड झाळलेला पत्र्याचा डबा बांधायचा. मामा आठ-दहा दिवसांनी एक भोपळा काढून घ्यायचे, मग दुसऱ्याची दोरी रोज थोडी थोडी सैल करायचे, आणि एके दिवशी पोराच्या पाठीवर काहीच नसायचं आणि पोराला त्याचा पत्ताही नसायचा. हा वेटसूट म्हणजे अंगभर शिवलेला भोपळाच की! पोहणाऱ्यांपैकी अनेकांचे पाय पाण्यात खाली लोंबतात, त्यामुळे पाणी अडतं आणि दम लागतो. मांड्यांवरचं जाड रबर ते पाय वर उचलून धरतं. म्हणून जो मुळात उत्तम पोहतो त्याला सुटाचा फायदा कमी, आणि जो मध्यम पोहतो त्याला जास्त.

फायदा होतो म्हटल्यावर नियम आलेच. रबर कुठेही पाच मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. शिवाय पाणी किती गार आहे त्यावर परवानगी ठरते. आयर्नमनच्या शर्यतीत हौशी स्पर्धकांसाठी २४.५ अंशांपर्यंत सूट घालायला मोकळीक आहे. त्याच्या वर २८.८ अंशांपर्यंत घातला तर घाला, पण मग बक्षिसाच्या यादीत तुमचं नाव नाही. त्याहून पाणी गरम असेल तर अजिबात बंदी. उलट पाणी फारच गार असेल तर सूट सक्तीचा. शर्यतीच्या वेळी पाणी मोजतात आणि जाहीर करतात.

नियम वाचताना मला आरती साहा आठवल्या. १९५९ साली त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा मी शाळकरी पोर होते. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आदल्या वर्षी, १९५८ साली, मिहिर सेन पोहून गेले होते. त्या खाडीचं पाणीही पंधरा ते अठरा अंशांच्या आसपासच असतं, आणि त्या पोहण्याचा नियम आजही असा की साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला चरबी, बस्स. वेटसूट घातला तर ते नेहमीच्या नियमांतलं खाडी पोहणं धरलं जात नाही. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ साली जगातल्या सातही अवघड खाड्या पोहून पुऱ्या करणारा पहिला आशियाई ठरला, तोही ह्याच परंपरेतला.

मग आमचे हे म्हणाले, “आरती साहांना लागला नाही, हिला कशाला लागतो?” प्रश्न रास्त होता, पण खेळ वेगळा आहे. खाडी पोहणाऱ्याच्या शेजारून त्याची स्वतःची होडी चाललेली असते, आणि त्याने थंडी सोसणं हाच त्या खेळाचा गाभा. ट्रायथलॉनमध्ये नोकरदार, डॉक्टर, गृहिणी अशी दीड-दोन हजार माणसं एकापाठोपाठ एक पाण्यात उतरतात, आणि बाहेर येऊन ओल्या अंगाने १८० किलोमीटर सायकल चालवतात. तिथे सूट हा लाड नाही, सुरक्षेची वस्तू आहे.

पण मग सुरक्षेच्या वस्तूनेच आमच्या मुलीचा श्वास कोंडला, त्याचं काय?

घरात जो तो सल्ला देत होता. जावई म्हणाले, सगळ्यात महागडा घेऊ, प्रश्नच मिटला. (चांगला सूट वीसेक हजारांपासून सुरू होतो आणि लाखाच्या घरात जातो, हे ऐकून मी दोनदा चष्मा पुसला.) नातू म्हणाला, समुद्रात फळीवर उभे राहतात ना, त्यांचा सूट स्वस्त मिळतो, तोच घे. धाकटी म्हणाली, “मला काहीच घ्यायचं नाही. नाव मागे घेते.” आणि आमच्या भावाने फोनवर अस्सल नागपुरी निकाल दिला, “काऊन वं, एवढ्या पैशात तर दोन म्हशी येतात!” दोन नाही, पण एखादी बरी म्हैस आली असती, हे खरं.

शाळेत मुलाचं गणित चुकलं की मी कधी अख्खं गणित परत करायला लावत नसे. कुठली पायरी चुकली तेवढं आधी शोधायचं. इथेही तेच. तळ्यात नेमका कशाने श्वास अडकला? थंडीने, गळ्याने, की गर्दीने? तिन्ही एकाच वेळी अंगावर आले की माणसाला त्यांचा एकच राक्षस दिसतो. संक्रांतीला धाकटी कामठीला आली, येताना पुण्यातल्या एका ओळखीच्या बाईंचा जुना सूट घेऊन आली, आणि आम्ही त्या राक्षसाचे तीन तुकडे करायला बसलो.

गर्दीचा तुकडा लगेच निघाला. गोव्यात केवढी गर्दी होती! तिथे कुणाची लाथ चष्म्यावर बसली तरी ही बिचकली नव्हती.

मग थंडी. नदीवर जायचा विचारसुद्धा केला नाही. आमच्या कन्हानला पेंच आणि कोलार येऊन मिळतात, पाणी दिसायला शांत असतं आणि वाळू उपसलेल्या खड्ड्यांचा भरवसा नसतो. ज्यांना नदी आपली वाटते त्यांनाच ती नेते. नागपूरला एक उघडा तलाव आहे, जानेवारीत सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. जीवरक्षक काठावर, जावई पाण्यात तिच्या शेजारी, आणि मी शाल पांघरून, हातात घड्याळ आणि दोरीला बांधलेला तापमापक. पाणी १९ अंश. ती सूट न घालता, साध्या पोशाखात हळूहळू उतरली. छातीपर्यंत पाणी आलं तशी तिला धाप लागली, श्वास भरभर व्हायला लागला. गार पाण्यात एकदम शिरलं की हे प्रत्येकाच्या शरीराचं होतं. त्याला धैर्य-बिर्य काही उपयोगी पडत नाही, आणि त्यात भित्रेपणाही नसतो. मिनिट-दोन मिनिटांत ते आपोआप उतरतं. तोवर पोहायचं नाही, नुसतं कठड्याला धरून लांब श्वास सोडत राहायचं. मी घड्याळ बघत होते. दीड मिनिटाने तिचे खांदे खाली आले. तिने तोंड पाण्यात घातलं, वर काढलं, आणि म्हणाली, “आई, हे ते नव्हतं गं.”

राहिला गळा. त्याची परीक्षा कोरड्यात घेतली. सकाळच्या थंडीत, घरातच, तो जुना सूट घालून, पाठीची चेन लावून तिला खुर्चीत बसवलं आणि हातात पेपर दिला. वीस मिनिटं वाच, म्हटलं. पाचव्या मिनिटाला तिचं बोट गळपट्टीत गेलं. आठव्या मिनिटाला तिचा चेहरा उतरला. पाणी नाही, थंडी नाही, गर्दी नाही, आणि तरी तेच. “हे, हेच ते!” असं ती जवळजवळ ओरडली. भीतीला नाव सापडल्याचा आनंद काय असतो तो त्या दिवशी पाहिला. चहा गार झाला तरी कुणाला भान नव्हतं.

गळ्यावर उभी, कडक, उंच पट्टी आणि तंग छाती. भाड्याचा सूटही तसाच असणार. त्यात गार पाण्याची धाप, म्हणजे श्वास जास्त हवा असताना छाती फुगायला जागा नाही.

मग निवड सोपी झाली. आता आम्हाला ‘चांगला सूट’ नको होता, हिच्या गळ्याला आणि छातीला मानवेल असा हवा होता. त्यासाठी मी शिवणाचा टेप काढला. ह्या कंपन्यांचे मापांचे तक्ते असतात : उंची, वजन, छाती, कंबर. धाकटी उंचीने एका मापात बसत होती आणि वजनाने दुसऱ्या. तक्ता बघून तिचा चेहरा पडला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दोन बाळंतपणांनंतर, स्वतःला आकड्यांच्या रकान्यात शोधणं कुणाला आवडतं? मी म्हटलं, “पोरी, तक्ता तुझ्यासाठी आहे, तू तक्त्यासाठी नाहीस.” वाचनातून आणि तिच्या प्रशिक्षकांकडून कळलं ते असं की अशा वेळी उंचीपेक्षा छाती आणि वजन ह्यांना मान द्यावा. पायाला सूट चार बोटं कमी पडला तर बिघडत नाही, पुष्कळजण तिथे तो मुद्दाम आखूडच ठेवतात. पण छातीला तंग पडला तर सगळंच बिघडलं. आणि सैलही नको. पाठीच्या खळग्यात किंवा काखेत पोकळी राहिली तर तिथे गार पाणी येत-जात राहतं, मग उबही गेली आणि वेगही गेला. बायकांसाठी वेगळ्या बेताचे सूट मिळतात, तेच घ्यावेत. पुरुषांचा लहान माप करून बाईला बसत नाही, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक आहे.

नातवाचा फळीवरचा सूट बाद झाला. तो दगडांवर घासला तरी टिकावा म्हणून बनवतात, सतत हात फिरवण्यासाठी नव्हे. पाणबुड्यांचाही तसाच. पोहण्याचा सूट बाहेरून गुळगुळीत असतो, छाती-मांडीवर चार-पाच मिलिमीटर आणि खांद्यावर-काखेत दीड-दोन मिलिमीटर जाड. खांदा जितका पातळ तितका हात मोकळा. ३.८ किलोमीटरमध्ये हात काही हजार वेळा फिरतो, दर वेळी रबर ताणावं लागलं तर खांदे सायकलवर बसायच्या आधीच संपतात. बिनबाह्यांचाही प्रकार असतो. त्यात खांदा एकदम मोकळा, पण काखेतून पाणी शिरतं आणि उब कमी. सतरा अंशांची शक्यता असताना तो नको म्हणून सोडला.

जावयांचा सगळ्यात महागडाही बाद झाला, आणि त्याचं कारण मला फार पटलं. सगळ्यात महाग सूट बहुधा अतिशय पातळ, नाजूक आणि आधीच उत्तम पोहणाऱ्यासाठी बेतलेले असतात. ज्याचे पाय बुडतात त्याला तरंगवणारा सूट हवा, आणि तो मधल्या किमतीतच चांगला मिळतो. शेवटी बुटका, मऊ गळा, पातळ खांदे आणि जाड मांड्या असलेला, मधल्या किमतीचा, पूर्ण बाह्यांचा सूट भाच्याने तिकडून घेतला. अट एकच घातली होती, की न बसल्यास परत घेणारं दुकान हवं. हे आपल्याकडे अवघड जातं. घालून बघता येईल अशी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाहेरून मागवला तर वर सीमाशुल्क.

घालण्याचा विधी तर सोळा संस्कारांपैकी एक म्हणावा असा आहे. पायात प्लास्टिकची पिशवी घालायची म्हणजे पाय सरकतो. रबराला नखाने धरायचं नाही, नाहीतर चंद्रकोरीसारखी चीर पडते, म्हणून सुती हातमोजे. आधी मांड्यांशी नीट वर ओढून घ्यायचा, मग पोट, मग खांदे. खाली ढिलाई राहिली की ती सगळी वर खांद्याला जाचते. मानेला काचू नये म्हणून मलम लावायचं, पण व्हॅसलीनसारखं पेट्रोलियमचं नको, रबर खराब होतं. पाठीच्या चेनला लांब दोरी असते, म्हणजे एकट्याने उघडता येते. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात धुवून, उलटा करून सावलीत जाड हँगरवर वाळवायचा. कामठीच्या मे महिन्याच्या उन्हात टाकलात तर त्याची सांडगी होईल!

फेब्रुवारीअखेर पुण्यात पहाटे तिने तो पहिल्यांदा पाण्यात नेला. फोन काठावर टेकवला होता, त्यातून मी बघत होते. आधी पाच मिनिटं नुसतं पाण्यात उभं राहणं. गळ्याची पट्टी बोटाने ओढून थोडं पाणी आत घेणं, ते गरम होऊ देणं. मग लांब श्वास. मग दोन फेऱ्या. मग सहा. मग मी मोजणं सोडून दिलं. बाहेर आली तेव्हा काळ्या रबरातून दोनच डोळे लुकलुकत होते. म्हणाली, “गळा आठवलाच नाही.” तिच्या प्रशिक्षकांनी हेही सांगून ठेवलंय की उन्हाळ्यात कोमट तलावात हा घालून फार वेळ पोहायचं नाही, अंग तापून चक्कर येते. सवय राहावी म्हणून पहाटे दहा मिनिटं, बस्स.

आणि एक गोष्ट मी माझ्याकडून तिच्या तक्त्यात लिहून घेतली आहे. दर आठवड्याला एक लांब पोहणं सूट न घालता, पूर्ण अंतराचं. कारण उन्हाळा कडक निघाला, पाणी तापलं आणि शर्यतीच्या सकाळी सूट चालणार नाही असं जाहीर झालं तर? त्या वेळी काठावर पाऊल अडखळता कामा नये. मामा भोपळ्याची दोरी सैल करत जायचे ते ह्याचसाठी. तिने लगेच “हो” म्हटलं, आणि तेही न कुरकुरता. पाण्यावरचा विश्वास परत येतोय हे मला त्या “हो”वरून कळलं, सुटावरून नव्हे.

ऑगस्टमध्ये काय होईल ते होईल. पोहण्याला साधारण दोन तास वीस मिनिटांची मुदत असते, ती त्यात बसेल असं तिचे प्रशिक्षक म्हणतात. न बसली तरी घरात दुखवटा पाळायचा नाही असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. नाशिकच्या वन्सं, हे तुम्हीही वाचताय ना?

बाकी ज्यांच्या घरी कुणी असं पाण्यात उतरत असेल त्यांना एकच सांगणं. सूट आला की आधी घरी खुर्चीत बसवून वीस मिनिटं पेपर वाचायला द्या. बोट गळ्याकडे गेलं, तर खोकं परत बांधा आणि पाठवून द्या. किमतीचा विचार त्यानंतर.